पवनारचा कातळ, सेवाग्रामची कुटी, गिरडची टेकडी : नागपूरहून हिवाळ्यातील एका दिवसाची सहल

नागपूरहून सकाळी निघायचे आणि रात्री जेवायला घरी परतायचे, असा बेत निघाला की रामटेक, खिंडसी, पेंच, अंभोरा ही नावे आधी घेतली जातात. सेवाग्राम बहुतेकांच्या मनात शाळेच्या सहलीपाशीच थांबलेले असते. गिरडला लोक जातात ते नवसासाठी किंवा उरसासाठी, आणि पवनारला गाडी थांबते ती वर्ध्याच्या वाटेवर नदी दिसली म्हणून. ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात, ठरवून आणि याच क्रमाने पाहावीत, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. सेवाग्रामचे घर आणि ते ज्या जमिनीवर उभे आहे ती ज्वालामुखीची जमीन या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या तर दोन्ही अर्ध्याच कळतात. एका दिवसात लागोपाठ पाहिल्या की घर जमिनीचा अर्थ सांगते आणि जमीन घराचा.

ज्वालामुखी म्हटले की डोळ्यांसमोर धुराचा शंकू आणि वर खोल तोंड असलेला डोंगर येतो. तसे काही इथे दिसणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे बरोबरच्या मुलांची निराशा होणार नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हारस बाहेर आला, पातळ असल्यामुळे दूरवर पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा नवा थर आला. थरांवर थर साचून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग या काळ्या कातळाखाली आहे. पश्चिमेला सह्याद्रीत हे थर हजार-दोन हजार मीटर जाड आहेत, पूर्वेकडे ते पातळ होत जातात आणि नागपुरापाशी संपतात. शहराचा पश्चिम भाग लाव्हाच्या कातळावर आहे, पूर्व भाग त्याहून कितीतरी जुन्या खडकावर. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई जिथे झाली ती सीताबर्डीची टेकडीही बेसाल्टचीच, म्हणजे याच काळ्या लाव्हा-कातळाची आहे. रोज तिच्या पायथ्याशी वाहनांच्या गर्दीत अडकणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना आपण एका थिजलेल्या लाव्हाप्रवाहाच्या कडेला उभे आहोत याची जाणीव असते. म्हणून ही सहल खरे तर बर्डीपासूनच सुरू होते.

थंडीतच जावे, हे माझे ठाम मत आहे. उन्हाळ्यात वर्धा जिल्ह्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि काळा कातळ तापला की त्यावर पाय ठरत नाही. पावसाळ्यात धाम नदी भरून वाहते, त्यामुळे पात्रातला खडक दिसत नाही आणि काळ्या मातीच्या चिखलात पायवाटाही चालण्याजोग्या राहत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पाणी उतरलेले असते, गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि खडकाचे उघडे अंग दिसते. आपली थंडी कधीकधी चांगलीच बोचते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे अनेकांना आठवत असेल. पहाटे निघताना स्वेटर, कानटोपी, मफलर असा सगळा जामानिमा हवा आणि दुपारी तो उतरवून ठेवायला एक पिशवीही हवी, कारण बारा वाजता ऊन अंगावर छान बसते.

गाडीविषयी थोडे. एका सहल आयोजकाच्या तयार कार्यक्रमात सेवाग्रामला पाऊण तास आणि पवनारला वीस मिनिटे ठेवलेली होती, गिरड तर त्यात नव्हतेच. त्या वेगाने कुटीच्या दारात फोटो काढून होतो, घर पाहून होत नाही. म्हणून आम्ही दिवसभरासाठी गाडी भाड्याने घेतली आणि थांबे स्वतःच ठरवले. चालक मनमिळाऊ होते, वाट ओळखीची होती आणि म्हाताऱ्या आत्याबाईंना प्रत्येक ठिकाणी हात देऊन उतरवण्याची काळजी त्यांनी न सांगता घेतली. मात्र त्या गाडीवाल्यांच्या कार्यालयाने आदल्या रात्री ठरलेली वेळ सकाळी परस्पर बदलली आणि आमचा उजेडाचा मोलाचा तास त्यात गेला. हिवाळ्यात दिवस लहान असतो. संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो, त्यामुळे सकाळी गेलेला तास दिवसाच्या शेवटी गिरडच्या टेकडीवर भरून द्यावा लागतो. वेळ लेखी ठरवून घ्यावी, एवढेच सुचवते.

वर्ध्याला जायला आता समृद्धी महामार्ग आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि येळाकेळीच्या फाट्यावरून वर्धा लवकर गाठता येते. तरीही या सहलीसाठी बुटीबोरी, केळझर, सेलू हा नेहमीचाच रस्ता घ्यावा, असे मी म्हणेन. त्याचे कारण बुटीबोरीजवळचे टाकळघाट. लोहयुगातील माणसांनी मृतांच्या स्मरणार्थ मोठमोठे दगड गोलाकार मांडून केलेली शिळावर्तुळे या परिसरात आहेत आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे उत्खनन केले. त्याच्या शंभर वर्षे आधी याच वर्तुळांनी एका माणसाचा जीव घेतला, असे म्हणावे लागते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४०च्या दशकात नागपूरला आले, इथली भाषा शिकले आणि सवड मिळेल तेव्हा हातोडी घेऊन आसपासच्या टेकड्या फिरले. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला गाळाचा पातळ थर आणि त्यातले गोड्या पाण्यातील शंख व वनस्पतींचे जीवाश्म त्यांनी अभ्यासले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर त्यांनी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी होती, झाडे होती, गोगलगाई होत्या, हे आपल्याला त्या गाळाने सांगितले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात सर्वांना माहीत आहे. त्यांनी या मातीखाली काय शोधले, हे मात्र त्या वाटेने जाताना मुलांना सांगण्याजोगे आहे. आम्ही वर्तुळांपाशी उतरलो नाही, रस्त्यावरूनच पुढे गेलो, कारण दिवस पवनार-सेवाग्रामसाठी राखलेला होता.

पवनारला पोहोचलो तेव्हा धामच्या पात्रावरचे धुके अजून पुरते विरलेले नव्हते. पुलाखाली नदी कातळावरून वाहते. पुरांनी घासून गुळगुळीत केलेला काळा-करडा खडक, त्यातल्या फटींमधून निवांत सरकणारे पाणी आणि पात्रातच उभी असलेली छत्री. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या रक्षेचे विसर्जन इथेही झाले आणि दरवर्षी त्या दिवशी इथे सर्वोदय मेळा भरतो. खडकाजवळ जाऊन बसल्यावर दोन गोष्टी न सांगताही दिसतात. काही ठिकाणी खडक घट्ट, एकसंध आणि उभ्या-आडव्या सांध्यांनी तुटलेला असतो, तर काही ठिकाणी त्यात बारीक-मोठी भोके असतात. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर येऊ लागतात आणि बाहेर पडण्याआधीच वरचा भाग घट्ट झाला तर बुडबुडे तसेच खडकात राहून जातात. ही भोके लक्षात ठेवावीत, कारण दिवसाच्या शेवटी गिरडला त्यांचेच पुढचे रूप भेटते.

नदीकाठी उंचावर विनोबांचा परंधाम आश्रम आहे. प्रकृती ढासळल्यामुळे विनोबा १९३८ मध्ये इथे, वर्ध्याचे उद्योगपती आणि गांधीजींचे निकटचे सहकारी जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला आले आणि व्यायाम म्हणून जमीन खणू लागले. त्या खोदण्यात प्राचीन मूर्ती निघत गेल्या. राम आणि भरत यांच्या भेटीचे शिल्प त्यातलेच. ते आश्रमातच पूजेला आहे. पवनार म्हणजे वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी प्रवरपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते आणि पुढे १९६७ मध्ये इथे उत्खननही झाले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी भाषण केले तेही पवनारलाच आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी देह ठेवला तोही इथेच. १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर आजही चालू आहे. ही राहती, कामाची जागा आहे, हे विसरून मोठमोठ्याने बोलत फिरणारे लोक दिसले तेव्हा वाईट वाटले. आश्रमातल्या बहिणी शांतपणे आपापल्या कामात असतात आणि विचारले तर मनापासून सांगतात. पवनारला किमान एक तास द्यावा. त्याहून कमी वेळ असेल तर निदान नदीच्या खडकावर तरी बसून यावे.

आता सेवाग्राम. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ऐतिहासिक घर पाहण्याचा इतका पुरा अनुभव विदर्भात मला दुसरीकडे मिळालेला नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९३० मध्ये दांडीला निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, असे गांधीजींनी जाहीर केले होते. जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले, काही काळ मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्यापासून काही किलोमीटरवरच्या शेगाव या खेड्यात गेले. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल तिकडे जाऊ लागले, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९४६ च्या ऑगस्टपर्यंत हेच त्यांचे घर होते. तुरुंगवास आणि दौरे वगळता त्यांच्या आयुष्याची शेवटची मोठी वस्ती इथली. १९४६ मध्ये ते दिल्लीला गेले, पुढे नोआखालीला गेले आणि इथे परतणे त्यांच्या नशिबी आले नाही.

आवारात शिरल्यावर आधी आदी निवास पाहावा. गावात बांधलेले हे पहिले घर. खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य गावातलेच असावे, अशी गांधीजींची अट होती. सुरुवातीला त्या एका मोठ्या खोलीत ते स्वतः, कस्तुरबा, प्यारेलाल आणि येणारे-जाणारे पाहुणे असे सगळे एकत्र राहत. खान अब्दुल गफार खान तिथे राहिले, आपले तुकडोजी महाराजही राहिले. खोलीत उभे राहून तिची लांबी-रुंदी नजरेने मोजली, की एवढी माणसे एका छपराखाली कशी झोपत असतील याचा अंदाज येतो आणि मग पुस्तकातली नावे नुसती नावे राहत नाहीत.

बापू कुटी मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली झोपडी. नंतर गांधीजी तिच्यात राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू आणि लाकडाचे छप्पर, वर कवेलू, चहूबाजूंनी पडवी, खाली शेणाने सारवलेली जमीन. भिंतीवर मीराबेन यांनी मातीनेच उठावदार ताडाची झाडे, चरखा आणि ॐ काढला आहे. सकाळचे तिरपे ऊन पडवीतून आत येते तेव्हा ते चित्र सर्वांत चांगले उठून दिसते. आत खुर्ची नाही, बसायला जमिनीवरची बैठक आणि पुढ्यात छोटे मेज. त्या बैठकीसमोर जमिनीवर बसूनच देशोदेशीच्या पाहुण्यांनी त्यांच्याशी बोलणी केली. एक कोपरा आजाऱ्यांसाठी होता, कारण आजारी माणूस स्वतःच्या नजरेखाली असावा, असा त्यांचा आग्रह असे. चप्पल बाहेर काढून आत शिरताना पायाला सारवलेल्या जमिनीचा थंडावा लागतो आणि बाहेर बोचरी थंडी असूनही आत मात्र हवा बोचत नाही. जाड मातीच्या भिंती दिवसाची ऊब राखतात आणि उन्हाळ्यात ऊन थोपवतात. आमच्याबरोबरच्या आत्याबाई बाहेर येऊन पडवीत टेकल्या आणि म्हणाल्या, “आपल्या गावचं घर असंच होतं रे, फक्त आपण ते पाडलं.” त्यावर कोणी काही बोलले नाही.

याच ठिकाणी मला सकाळचा पवनारचा खडक आठवला. आपल्या गावांत भिंतीसाठी काळी माती घेत नाहीत. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण लाव्हाचा खडक कुजून तयार झालेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. म्हणून भिंतीला पांढरी माती निवडतात, जमिनीखाली मुरूम भरतात आणि पायाला काळा दगड घालतात. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला कातळच. थोडक्यात, गावातले साहित्य वापरायचे ठरवले, की वर्धा जिल्ह्यात घराचा मोठा भाग आपोआप लाव्हापासून आलेल्या वस्तूंचा होतो. आणि ज्या कापसाचे सूत आश्रमात रोज कातले जाई, तो कापूसही याच काळ्या मातीत पिकतो, कारण पाऊस संपल्यावरही ही माती ओल धरून ठेवते. साबरमतीच्या वाळूतून उठून इथे आलेल्या माणसाचे घर या जमिनीच्या अंगानेच उभे राहिले. माझ्या मते सेवाग्राम पाहण्याचा हा सर्वांत समृद्ध मार्ग आहे आणि शाळेच्या सहलींना तो दाखवला पाहिजे.

बापू कुटीला लागून त्यांचे कार्यालय आहे. तिथे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी थेट संपर्कासाठी बसवून दिलेला दूरध्वनी ठेवला आहे. साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी केलेला पिंजरा आणि लाकडी चिमटाही तिथेच आहे. या दोन वस्तू जवळजवळ पाहताना त्या काळाची विलक्षण कल्पना येते. एका हाताला साम्राज्याशी बोलणी आणि दुसऱ्या हाताला शेतातल्या झोपडीत शिरलेला नाग, आणि दोन्ही प्रश्न सोडवायचा मार्ग एकच. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात इंग्रजांना सत्ता सोडण्यास सांगणारा ठराव केला आणि त्याच ठरावातून पुढच्या महिन्यात मुंबईचे ‘भारत छोडो’ निघाले. त्या दिवसांत या कार्यालयात किती वर्दळ असेल, हे त्या लहानशा खोलीकडे पाहून मनात येतेच.

बा कुटी पाहताना घाई करू नये. इतक्या माणसांच्या गोतावळ्यात कस्तुरबांना स्वतःची अशी जागा नव्हती. ती अडचण ओळखून जमनालालजींनी त्यांच्यासाठी ही वेगळी कुटी बांधून दिली. ती लहान आहे, नीटस आहे आणि तिथे उभे राहिले की मोठ्या माणसाच्या संसारातली बाईची बाजू बोलू लागते. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात आगाखान पॅलेसच्या कैदेत वारल्या, त्यांचीही या घरात परत येण्याची वाट बंद झाली होती. जरा पलीकडे परचुरे कुटी आहे. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री इथे राहायला आले तेव्हा गांधीजी स्वतः त्यांची मालिश करीत. ज्या काळात कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढत त्या काळातली ही गोष्ट. महादेवभाई देसाई आणि किशोरलाल मशरूवाला यांची घरेही आवारात आहेत, तर आखरी निवास मूळचे जमनालालजींसाठी बांधलेले. १९४६ मध्ये सेवाग्राम सोडण्यापूर्वीचे दिवस गांधीजी तिथे होते. गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ प्रार्थनाभूमीजवळ आहे. प्रार्थना आजही सकाळ-संध्याकाळ होते. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबता आले तर उत्तमच, पण मग गिरड दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे लागेल.

व्यवस्थेबद्दल सांगायचे तर आवार झाडून-सारवून स्वच्छ आहे, प्रवेशासाठी आम्हाला पैसे द्यावे लागले नाहीत आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी प्रश्नांची उत्तरे कंटाळा न करता दिली. एका ताईंनी मुलांना टकळीवर सूत काढून दाखवले आणि धागा तुटला की तो पुन्हा कसा जोडायचा तेही शिकवले. जानेवारीत शाळांच्या सहली पुष्कळ येतात. त्यांची गर्दी अकराच्या पुढे वाढते, म्हणून नऊ-साडेनऊला पोहोचणे चांगले. कुट्यांमधला उजेड मंद आहे. त्यात बदल करू नये, कारण तो त्या घराचा भाग आहे. पण चष्म्याशिवाय फलक वाचू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तयारीने जावे. घाईत पाहणाऱ्यालाही दोन तास लागतात, नीट पाहणाऱ्याने अडीच-तीन तास ठेवावेत.

जेवणाविषयी फार लिहीत नाही. आश्रमाच्या परिसरात साधे, कमी तेलाचे जेवण मिळते आणि सकाळभर चालल्यावर ज्वारीची भाकरी, भाजी आणि ताक याहून काही हवे असे वाटत नाही. वर्धा शहरात शिरलात तर गोरसपाक घ्यायला विसरू नये. गाईचे तूप आणि दूध घालून केलेली ती खुसखुशीत बिस्किटे वर्ध्याची खास ओळख आहेत आणि प्रवासात चांगली टिकतात. १९३८ मध्ये सुरू झालेले मगन संग्रहालयही वर्ध्यात आहे. ग्रामोद्योगात रस असेल तर त्यासाठी पुन्हा यावे, या दिवसात ते कोंबू नये.

सेवाग्रामहून हिंगणघाट, तिथून जाम चौरस्ता आणि समुद्रपूर असा गिरडचा रस्ता आहे. हिंगणघाटच्या कापसाला एकोणिसाव्या शतकात परदेशी बाजारात स्वतःचे नाव होते, आणि हिवाळ्यात या रस्त्याने जाताना त्याचे कारण दोन्ही बाजूंना पसरलेले दिसते. कापसाची वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, हरभरा हिरवागार असतो आणि जिथे शेत नांगरलेले आहे तिथे माती जवळजवळ काळी दिसते. जिथे रस्त्यासाठी टेकाड कापले आहे तिथे गाडी जरा हळू घ्यायला सांगावे. वर मातीचा थर, त्याखाली पिवळसर मुरूम आणि मुरुमात अडकलेले गोलसर धोंडे, ज्यांचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत असतात. कातळ सांध्यांतून पाणी मुरत मुरत कडेने कुजत जातो आणि मधला गाभा शेवटपर्यंत टिकतो, म्हणून धोंड्यांना ही गोलाई येते. खडकाची माती होण्याची सगळी क्रिया त्या एका कापलेल्या टेकाडात दिसते. या मार्गावरचे बहुतेक प्रवासी ती डुलकी घेत मागे टाकतात.

गिरडची टेकडी दुपारच्या उन्हात गाठली. माथ्यावर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि इथे सर्व धर्मांचे लोक वर्षानुवर्षे येतात. चादर, नारळ, अगरबत्ती यांची दुकाने वाटेवर आहेत. टेकडीवर विखुरलेल्या दगडांची जुनी कथा अशी : माल घेऊन चाललेल्या दोन व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागितली. फकिराने सुकलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला आणि ते दोघे कायमचे त्याच्या सेवेत राहिले. सुपारी, जायफळ, नारळ यांच्या आकाराचे जे गोटे इथे सापडतात, ते त्या मालाचेच, अशी श्रद्धा आहे.

भूशास्त्राचे म्हणणे या कथेशेजारी ठेवून पाहावे. पवनारला खडकात जी भोके पाहिली ती रिकामी राहत नाहीत. पुढच्या काळात खडकात मुरणारे, खनिजे विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांमध्ये साचते आणि त्यातून झिओलाइट गटातली पांढरी, गुलाबी खनिजे थराथराने जमत जातात. बाहेरचा कातळ आधी कुजतो, आतला गोटा टणक असल्यामुळे उरतो आणि मोकळा होऊन उतारावर पडतो. गोटा फुटलेला असेल तर आत मध्यापासून कडेकडे पसरलेल्या बारीक सुयांसारखी रचना दिसू शकते आणि अडकित्त्याने कापलेल्या सुपारीशी तिचे साम्य पाहिले, की ही कथा कोणाला का सुचली असेल हे लगेच पटते. डोळसपणे पाहणाऱ्या माणसांनीच ती रचली आहे. दगडाचा आकार, त्याची विपुलता आणि तो खडकापेक्षा वेगळा आहे ही गोष्ट, सगळे तिच्यात आले आहे. कथा आणि खनिज यांपैकी एक निवडा, असे मुलांना सांगू नये, दोन्ही सांगावे. या टेकडीची भूशास्त्रीय माहिती देणारा एक साधा मराठी फलक इथे असावा, असे मनापासून वाटते, कारण लाव्हाची शेवटची अवस्था इतक्या सहज हातात घेऊन पाहता येईल अशा जागा नागपूरच्या आसपास फार नाहीत. गोटे हातात घेऊन पाहावेत आणि तिथेच ठेवावेत. इथे ते श्रद्धेचे आहेत, आणि प्रत्येकाने एकेक नेला तर दोन-चार पिढ्यांत पाहायला काही उरणार नाही.

परतीला उमरेडचा रस्ता घ्यावा. वाट काही ठिकाणी झाडीतून जाते, त्यामुळे अंधार पडण्याआधी ती ओलांडलेली बरी. उमरेडला कोळशाची मोठी उघडी खाण आहे. तो कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे लाव्हाच्या उद्रेकाहून कितीतरी कोटी वर्षे जुना. सकाळी पवनारला जो कातळ पायाखाली होता त्याची चादर इकडे संपलेली असते आणि तिच्याहून जुनी जमीन वर आलेली असते. सकाळी नागपूरच्या पश्चिमेकडून निघून संध्याकाळी पूर्वेकडून आत शिरताना लाव्हाच्या प्रदेशाची पूर्व सीमा आपण ओलांडलेली असते, हे नकाशा उघडून मुलांना दाखवले तर दिवसाचा सगळा प्रवास त्यांच्या डोक्यात नीट बसतो.

पूर्ण फेरी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होते. सकाळी साडेसहाला निघाले आणि थांबे आटोपशीर ठेवले तर साडेसात-आठपर्यंत घरी पोहोचता येते. गुडघेदुखी असलेल्यांनी गिरडला सावकाश चढावे, बरोबर काठी असलेली बरी. पाणी घरूनच न्यावे, विशेषतः जामच्या पुढच्या टप्प्यासाठी. वेळ कमी पडू लागला तर वर्धा शहर आणि खरेदी वगळावी, गिरड वगळू नये. त्याहूनही वेळ कमी असेल तर गिरड दुसऱ्या एखाद्या रविवारी उमरेडमार्गे स्वतंत्र करावे, पण सेवाग्रामचा वेळ मात्र एका मिनिटानेही कमी करू नये.